डॉक्टर दिघ्यांचं गुणकारी बाक

डॉ. विश्वंभर दिघे यांच्या बडोद्याच्या वाडी भागातल्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. पण मी पेशंट नव्हतो. औषधकंपनीचा एम. आर. होतो आणि नेमकी डोकेदुखीचीच गोळी खपवायला आलो होतो. कंपाउंडर पिलाजीरावांनी मला बाकावरचा शेवटचा नंबर दिला. अर्ध्या-पाऊण तासाने आत बोलावणं आलं. डॉक्टरांनी गोळीचं नावही विचारलं नाही.

"बाकावरून आलात की खुर्चीवरून?"

"बाकावरून."

"इथे आलात तेव्हा काही दुखत होतं?"

"डोकं."

"आणि आता?"

मी कपाळ चाचपून पाहिलं. दुखत नव्हतं. तसं सांगितल्यावर डॉक्टरांनी एक लांबलचक वही उघडली, काहीतरी टिपलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आनंद झालाय की दुःख, ते मला कळेना. गोळीची सॅम्पलं मात्र ठेवून घेतली. म्हणाले, "पाहुण्यांना होतील."

माझं शिक्षण शहाद्याचं. आमच्या शाळेत बाकाचा आणि वैद्यकशास्त्राचा संबंध एवढाच होता की त्यावर तासभर उभं केलं की पोटऱ्या दुखायच्या. बाकामुळे कुणाचं काही थांबतं, हे मला बडोद्यात येऊन कळलं.

डॉक्टरांचा जन्म नागरवाड्यातला. आजोबा गायकवाडी शाळाखात्यात, वडील गणिताचे मास्तर, त्यामुळे घरात प्रत्येक गोष्टीची वही असे. अकराव्या वर्षी विशूने पहिला प्रयोग केला. धाकट्या भावाला ताप आला होता आणि आई त्याची दृष्ट काढणार होती. दृष्ट काढल्याने ताप उतरतो की तो आपसूकच उतरतो, हे ठरवायचं तर दृष्ट न काढलेला आणखी एक जीव हवा. घरात तसं मांजरच मोकळं होतं. तीन दिवस दोघांचा ताप मोजला गेला. भावाचा उतरला, मांजराला आलाच नाही. विशूने वहीत लिहिलं, 'काही सांगता येत नाही', आणि खाली सही केली. संशोधक म्हणून इतका प्रामाणिक निष्कर्ष त्यांना पुढे पन्नास वर्षं जमला नाही.

पुढे बडोद्यातच ते डॉक्टर झाले, एम. डी. झाले आणि एकोणनव्वद साली त्यांनी वाडीत दवाखाना थाटला. चौतीस वर्षं नाडी, जीभ, लाल मिक्श्चर, पांढऱ्या गोळ्या आणि 'तिखट कमी खा' यांच्या जोरावर तीन पिढ्या सांभाळल्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मग, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांना अलकापुरीतल्या एका हॉटेलातल्या कार्यशाळेचं आमंत्रण आलं. विषय होता वैद्यकीय संशोधनाच्या पद्धती. डॉक्टर जेवण चांगलं असतं म्हणून गेले, असं मंदाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आजही शपथेवर सांगतात. दोन दिवसांनी ते प्लास्टिकचं फोल्डर घेऊन परतले आणि दारातच म्हणाले, "मंदा, आपण आजवर जे केलं त्याला काही पुरावाच नाही."

"आपली मुलगी पुण्याला आहे," मंदाताई म्हणाल्या. "फोन करून विचारा."

त्या दिवसापासून घरात नाणं उडवून भाजी ठरू लागली. छापा आला की दुधी, काटा आला की कारलं. जेवण झाल्यावर मंदाताईंना शून्य ते दहाच्या पट्टीवर समाधान सांगावं लागे. आठवडाभर त्यांनी शून्य सांगितलं. मग घरातला प्रयोग दवाखान्यात हलला.

तिथे त्यांच्या मनात एक जुना किडा होता. पेशंट आत येऊन बसला आणि 'काय होतंय' म्हणून विचारलं, की दहातले सहाजण म्हणत, "डॉक्टरसाहेब, खरं सांगू का, आता जरा बरं वाटतंय." औषध देण्याआधी. हात लावण्याआधी. चौतीस वर्षं हे ऐकून डॉक्टर हसत आले होते. कार्यशाळेनंतर त्यांना हसू येईना. मी बरं करतो की ते येतानाच बरे झालेले असतात, हा प्रश्न त्यांना जेवताना, दाढी करताना, शुक्रवारच्या बाजारात जुनी पुस्तकं चाळताना छळू लागला. पेशंट घरून आजारी निघतो आणि आत बरा होऊन येतो. मधे काय आहे? मधे बाक आहे.

ते बाक सागवानी, आठ फुटी, कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेतून आलेलं. समोरच्या भिंतीला स्टीलच्या खुर्च्यांची नवी रांग होती, विमानतळावर असते तशी. डॉक्टरांनी आपलं गृहीतक मांडलं: बाकावर बसल्याने माणसाला बरं वाटतं. मग परवानगीसाठी एका समितीपुढे गेले. समितीने विचारलं, बाकावर बसण्यात रुग्णाला धोका कोणता? डॉक्टरांनी विचार करून सांगितलं, डाव्या बाजूला एक खिळा वर आलाय. त्यामुळे संमतिपत्रावर ठळक अक्षरांत छापलं गेलं, 'संभाव्य धोका: खिळा.'

एकशे वीस पेशंट घ्यायचे, साठ बाकावर, साठ खुर्चीवर, आणि कोण कुठे ते चिठ्ठीने ठरणार. चिठ्ठ्या बंद पाकिटात हव्यात. मंदाताईंनी भाचीच्या लग्नातली उरलेली पाकिटं काढून दिली. वर गणपती, कोपऱ्यांना हळदकुंकू. पहिले पंधरा दिवस प्रत्येक पेशंट पाकीट हातात घेऊन आधी 'लग्न कोणाचं' विचारी आणि आत 'खुर्ची' एवढंच लिहिलेलं पाहून गप्प होई.

आपल्या मनाने निकालात ढवळाढवळ करू नये म्हणून डॉक्टरांनी केबिनच्या दाराला जाड पडदा लावला. बाहेर कोण कुठे बसलंय, हे तीन महिने बघायचं नाही, असं ठरवलं. तसेही ते गल्लीच्या बाजूच्या छोट्या दाराने येत-जात, त्यामुळे स्वतःच्या दवाखान्याची बाहेरची खोली त्यांनी माणसांनी भरलेली पाहिली होती ती उद्घाटनाच्या दिवशी. नोंदी पिलाजीरावांच्या हाती. नंबर लागताना किती दुखतंय, आत जाताना किती, आणि औषध घेऊन बाहेर आल्यावर किती, असे तीन आकडे.

निकाल पाहून डॉक्टर खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. बाकवाले सहावरून तिनावर आले होते. खुर्चीवाले सहावरून सातावर गेले होते. म्हणजे बाकाने रोग निम्मा होत होता आणि खुर्चीने वाढत होता. खरी मेख तिसऱ्या आकड्यात होती. डॉक्टरांनी तपासून, मिक्श्चर देऊन बाहेर पाठवल्यावर बाकवाले तिनावरच होते आणि खुर्चीवाले सातावरच.

"म्हणजे," मंदाताई वही बघत म्हणाल्या, "चौतीस वर्षं प्रॅक्टिस बाकाने केली. तुम्ही नुसते आत बसलात."

"असंच दिसतंय."

"आणि मी इतकी वर्षं डबा तुम्हाला पाठवत होते."

बाकाच्या लाकडाचा तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं: साग. सुताराकडून उंची, रुंदी, पाठीचा कोन मोजून घेतला. एका दुपारी डॉक्टर स्वतः त्यावर आडवे झाले आणि डुलकी लागून खाली पडले. ते त्यांनी 'दुष्परिणाम' या सदरात लिहिलं. मग सगळं मांडून त्यांनी परदेशातल्या एका नियतकालिकाला निबंध पाठवला आणि घरी जाहीर केलं की निबंध छापून आला की दवाखान्याची पाटी उतरवायची. बाक बाहेर ओट्यावर ठेवायचं, लोकांनी येऊन बसावं. ज्याचा काही उपयोग नाही असा डॉक्टर आत कशाला?

हे त्यांनी हसत सांगितलं, पण त्या आठवड्यात त्यांनी पाटीचे स्क्रू कोणते आहेत ते पाहून ठेवले होते. पिलाजीरावांनी मला स्क्रूड्रायव्हरही दाखवला. मिक्श्चरच्या बाटलीमागे ठेवला होता.

दोन महिन्यांनी नियतकालिकाकडून पत्र आलं. परीक्षकांना निबंध आवडला होता. एकच शंका होती. रुग्ण पूर्ण वेळ ठरल्या जागी बसून राहिले, याची खात्री कशी करून घेतली? डॉक्टरांना हा प्रश्न अगदीच किरकोळ वाटला. त्यांनी पिलाजीरावांना हाक मारली. मी तेव्हा नव्या सिरपचं पत्रक घेऊन समोरच बसलो होतो.

"पिलाजीराव, बाकवाले सगळा वेळ बसून होते ना?"

"बसलेलेच होते साहेब. एकेक थेली मी जातीने बघत होतो."

"थेली?"

"थेली, छत्री, कोणाचं जोडं. नंबर लावायचा म्हणजे थेली ठेवायची. साडेसातला येतात, थेली बाकड्यावर ठेवतात, खंडेराव मार्केटला जातात. दहाच्या सुमाराला येतात, थेली उचलतात आणि आत येतात."

"मग तोवर बाकावर कोण बसतं?"

"थेली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि खुर्चीवाले?"

"खुर्चीवर थेली राहत नाय साहेब. उतार आहे ना, सरकते. त्यांना बिचाऱ्यांना स्वतः बसावं लागायचं. अडीच-अडीच तास. कंटाळून एकमेकांचे रिपोर्ट वाचायचे. प्रतापसिंहराव तर गुडघ्यासाठी आले आणि शेजारणीचे वाचून स्वतःची किडनी तपासायला गेले."

"पण तुम्ही वहीत 'बाकावर बसले' असं लिहिलंत."

"थेली बसली म्हणजे माणूस बसलाच ना, साहेब. इतक्या वर्षांत कोणी वांधा काढला नाय."

यात लपवाछपवी काहीच नव्हती. हे आख्ख्या वाडीला ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त डॉक्टरांना, आणि पडद्यामुळे विज्ञानाला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला सिरपच्या पत्रकात फार रस असल्यासारखं दाखवावं लागलं.

"तुमचं डोकं थांबलं होतं ना बाकावर?"

मी कबूल केलं. त्या दिवशी बाकावर माझी सॅम्पलची बॅग होती. मी कोपऱ्यावर मयंकभाईंकडे शेव-उसळ खात होतो.

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि पत्राची घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे छोट्या दाराने आले. हातातली चामडी बॅग, सासऱ्यांनी दवाखान्याच्या उद्घाटनाला दिलेली, खुर्चीत ठेवली. मग नवी वही काखोटीला मारून त्याच दाराने बाहेर पडले. आपले पेशंट मार्केटात जाऊन नेमकं करतात काय, ते डोळ्यांनी पाहायचं होतं. घाईत पिलाजीरावांना सांगायचं मात्र राहून गेलं.

पिलाजीरावांनी पडदा बाजूला करून आत डोकावलं. खुर्चीत बॅग होती. नियमाप्रमाणे डॉक्टर आलेले होते. त्यांनी पहिला नंबर आत पाठवला.

मी दहा वाजता पोचलो तेव्हा बारावा नंबर चालू होता. माणूस आत जाई, दोन-तीन मिनिटं बसे, बाहेर येई आणि पिलाजीराव मागच्या वेळचं औषध देत.

"डॉक्टर आहेत ना आत?" मी एका काकांना विचारलं.

"बॅग आहे," ते म्हणाले. "आज घाई करत नाहीत. निवांत ऐकून घेतलं."

माझाही नंबर आला. आत गेलो आणि काय करावं सुचेना, म्हणून बॅगेला सिरपची पूर्ण माहिती दिली, मात्रा, चव, लहान मुलांसाठी झाकणावरची खूण, सगळं. कुणी मधे थांबवलं नाही. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं.

बाहेर आलो तर गंगाबाई आत शिरत होत्या. गंगाबाई नागरवाड्यातल्या, डॉक्टरांच्या शेजारच्या, वय शहात्तर. विशू मांजराचा ताप मोजत होता तेव्हा थर्मामीटर त्यांच्याच घरचा होता. दोन मिनिटांत त्या पडदा फाडल्यासारखा सारून बाहेर आल्या.

"पिलाजी, हे काय आहे?"

"साहेब आहेत ना आत."

"साहेब नाहीत. चामडं आहे. मी सगळं सांगितलं त्याला. त्याने हात धरला का माझा? जीभ बघितली का?"

"बाकीच्यांना चाललं, काकी."

"बाकीच्यांना काही झालेलं नाही, म्हणून चाललं." त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता. मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्याकडे गाडी आहे?"

"स्कूटर आहे."

"मला विशूकडे घेऊन चल."

मी दवाखान्यात घेऊन जायचं म्हणत होतो आणि आम्ही दवाखान्यातच होतो, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

आदल्या दिवशीचं थेलीचं बोलणं मी ऐकलं होतं, तेव्हा डॉक्टर कुठे असणार याचा अंदाज होता. खंडेराव मार्केटात ते दुधी भोपळ्यांच्या ढिगाआड सापडले. वहीत लिहीत होते. संधिवातवाल्या बाई कोथिंबिरीसाठी पायऱ्या कशा चढल्या, दम्याचा माणूस तुरीच्या शेंगांवरून किती वेळ न थांबता भांडला, वगैरे. आम्हाला पाहून त्यांनी गप्प राहा अशी खूण केली.

"विशू," गंगाबाई म्हणाल्या, "तुझी बॅग ऐकून घेते फार छान. पण नाडी बघत नाही."

"तुम्ही इथे कशा? पिलाजीरावांनी सांगितलं नाही का, मी..."

"त्याने मला तुझ्यापुढे बसवलं. म्हणजे बॅगेपुढे. कालपासून दोनदा डोळ्यांपुढे अंधार आला. आत्ताही येतोय."

डॉक्टरांनी वही दुध्यांवर टाकली. भाजीवाल्याने वांग्यांचं क्रेट उपडं करून दिलं, गंगाबाई त्यावर बसल्या. डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. बराच वेळ. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. गेले काही महिने तो माणूस स्वतःवरच संशय घेतल्यासारखा वागत होता. त्या मिनिटात तो संशय कुठे गेला, मला सांगता येणार नाही. बोटं मात्र हलली नाहीत.

"छत्तीस," ते म्हणाले. "मधे ठोके गळतायत." मग भाजीवाल्याला गुजरातीत म्हणाले, "भाई, रिक्षा बोलावो, जल्दी." आणि मला, "तुम्ही पुढे जाऊन हॉस्पिटलला सांगा. म्हणावं हृदयाचे ठोके मंद आहेत, मशीन बसवावं लागेल. मी घेऊन येतोय."

"खुर्चीवर बसवू नकोस रे तिथे," रिक्षात चढताना गंगाबाई म्हणाल्या. "म्हणतात रोग वाढतो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खांद्याखाली पेसमेकर बसला. आठवड्याने त्या घरी आल्या आणि शेजारणींना छातीवरचं टेंगूळ दाखवत फिरल्या.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी नियतकालिकाला खरंखरं लिहून टाकलं. बाकावर रुग्ण नव्हते, पिशव्या होत्या, तरी निबंध परत घेत आहे. संपादकांचं उलट टपाली उत्तर आलं की विषय नवा आहे, पिशव्यांची वेगळी आकडेवारी मिळू शकेल का. डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही. ते दुसऱ्या आकड्यांत गुंतले होते. पिलाजीरावांच्या वहीवरून त्यांनी बॅगेने तपासलेल्या प्रत्येक पेशंटच्या घरी जाऊन त्याची तपासणी केली. एकूण बावीस. मला धरलं नाही, मी पेशंट नाही म्हणून. एकवीसजणांना काहीही झालेलं नव्हतं. बॅगेचा त्यांना पुरेपूर उपयोग झाला होता.

"बावीसात एक," त्यांनी जेवताना मंदाताईंना सांगितलं. मीही पानावर होतो, सॅम्पलं घेणारे पाहुणे त्या दिवशी मीच होतो. "म्हणजे साडेचार टक्के. मंदा, साडेचार टक्के वेळा डॉक्टर लागतो."

"बरं झालं," मंदाताई भात वाढत म्हणाल्या. "मी दोन धरून चालले होते."

"पण तो एक कोणता, हे आधी कळत नाही. त्यामुळे बावीसच्या बावीस बघावे लागतात."

"म्हणजे पाटी?"

"राहू दे."

स्क्रूड्रायव्हर अजून मिक्श्चरच्या बाटलीमागे आहे. त्याने आता पिलाजीराव बाटल्यांची बुचं काढतात. स्टीलच्या खुर्च्या डॉक्टरांनी काढून टाकल्या. बाकाचा खिळा ठोकून घेतला. भिंतीवर सूचना लागली आहे: पिशवी ठेवून मार्केटला दोन फेऱ्या मारून याव्यात, चक्कर येत असेल त्यांनी थेट आत यावं. बाकावर आता कुणाला बसू दिलं जात नाही. पिशव्यांची गैरसोय होते.

चामडी बॅग मात्र डॉक्टर दवाखान्यात आणत नाहीत. पिलाजीरावांवर त्यांचा विश्वास आहे, पण एवढा नाही. स्टेथोस्कोप गळ्यात घालूनच नागरवाड्यातून चालत येतात. दुपारी ते दवाखान्यात डबा खातात तेव्हा बॅग घरी जेवणाच्या टेबलाशी त्यांच्या खुर्चीत असते. परवा मी मंदाताईंना विचारलं, आता घरी कसं आहे. त्यांनी पट्टीवर समाधान सांगितलं: आठ. मग जरा विचार करून म्हणाल्या, दुपारी साडेआठ.